साल्व्हिया: एक नाव, अनेक हंगाम

हिवाळ्याची चाहूल लागली, की देशभरातील रोपवाटिकांमध्ये लालभडक तुऱ्यांची बुटकी रोपे काळ्या पिशव्यांत ओळीने मांडलेली दिसू लागतात. सरकारी कचेऱ्यांपुढील वाफे, रेल्वे स्थानकांबाहेरील गोलाकार बागा, शाळांची प्रांगणे अशा ठिकाणी झेंडू आणि पिटुनियाच्या जोडीला हीच रोपे असतात. विक्रेते त्यांना साल्व्हिया म्हणतात, तर बागकामाच्या इंग्रजी पुस्तकांत त्यांचा उल्लेख सेज असा होतो. मराठीत या फुलाला रूढ असे नाव नाही.

घरी आणलेले हे रोप दोन-तीन आठवडे देखणे दिसते. त्यानंतर खालची पाने पिवळी पडतात, तुरे काळवंडतात आणि पाहता पाहता कुंडी रिकामी होते. आपल्या हाताला झाड लागत नाही, अशी समजूत करून घेऊन अनेक जण साल्व्हियाचा नाद सोडून देतात. प्रत्यक्षात दोष बहुतेक वेळा हाताचा नसतो. साल्व्हिया या एकाच नावाखाली अगदी वेगवेगळ्या हवामानांतून आलेल्या वनस्पती विकल्या जातात. त्यांपैकी कोणती, कोणत्या गावी आणि कोणत्या महिन्यात लावायची, हा निर्णय खतापेक्षा आणि पाण्यापेक्षाही महत्त्वाचा ठरतो.

साल्व्हिया ही प्रजाती तुळशीच्या कुलातील आहे. चौकोनी खोड, समोरासमोर येणारी पाने, चुरगळल्यावर येणारा वास आणि ओठांसारखी दुभंगलेली फुले ही या कुलाची लक्षणे तुळस, पुदिना आणि सब्जा यांच्या परिचयामुळे मराठी घरांना नवी नाहीत. जगभरात साल्व्हियाच्या सुमारे एक हजार जाती आहेत. आरोग्यपेयांमुळे अलीकडे सर्वांना ठाऊक झालेला चिया हा साल्व्हियाच आहे. २०१७ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञांनी रोजमेरीलाही याच प्रजातीत समाविष्ट केले. युरोपीय स्वयंपाकात वापरला जाणारा सेज ही भूमध्य समुद्राच्या परिसरातील वेगळी जाती आहे. शोभेच्या साल्व्हियाची पाने तिच्या जागी चहात किंवा भाजीत घालू नयेत.

भारतातही साल्व्हियाच्या काही जाती मूळच्या आहेत. काश्मीर आणि पश्चिम हिमालयात साल्व्हिया मूरक्रॉफ्टियाना ही मोठ्या, लोकरी पानांची जाती उतारांवर उगवते. साल्व्हिया प्लीबिया ही बारीक फुलांची वनस्पती तर मैदानी प्रदेशातील ओलसर जागी तण म्हणून आढळते. मात्र घरच्या बागांत फुलणारे जवळजवळ सगळे साल्व्हिया अमेरिका खंडातून आलेले आहेत.

चार जाती, चार स्वभाव

सर्वांत परिचित लाल साल्व्हिया म्हणजे साल्व्हिया स्प्लेंडेन्स. हा मूळचा ब्राझीलचा. तेथील उबदार, दमट, डोंगराळ भागात तो माणसाच्या कमरेच्याही वर जाणारे झुडूप असतो. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तो युरोपातील बागांत पोहोचला आणि तेथील उद्यानतज्ज्ञांनी निवड करून त्याचे बुटके वाण तयार केले. आज पिशवीत मिळणारे वीतभर उंचीचे रोप हे त्याच निवडीचे फळ. त्याला कडाक्याची थंडी सोसत नाही आणि एप्रिलमधील मैदानी ऊनही सोसत नाही. सकाळचे ऊन आणि दुपारची विरळ सावली त्याला मानवते. दिवसभर तापणाऱ्या गच्चीवर हे रोप ठेवून त्याच्याकडून बहराची अपेक्षा करणे, हे त्याच्या मूळ प्रदेशाचा विचार न केल्याचे लक्षण होय.

दुसरा निळा साल्व्हिया, म्हणजे साल्व्हिया फॅरिनेशिया. त्याच्या देठांवर आणि कळ्यांवर पीठ भुरभुरल्यासारखी पांढरी लव असते. लॅटिन नावाचा अर्थही पिठाळ असाच आहे. टेक्सास आणि मेक्सिकोच्या कोरड्या, चुनखडीच्या माळरानांतून आलेली ही जाती ऊन आणि पाण्याची ओढ दोन्ही सहन करते. दख्खनच्या पठारावरील शहरांत राहणाऱ्याने एकच साल्व्हिया लावायचा ठरवले, तर तो हाच असावा. लाल साल्व्हियाइतका तो नजरेत भरत नाही, परंतु त्याचा बहर अधिक काळ टिकतो आणि योग्य निचरा असल्यास झाड दोन-तीन वर्षे राहते.

तिसरी जाती साल्व्हिया कॉक्सिनिया. हिची लाल फुले स्प्लेंडेन्सपेक्षा बारीक आणि विरळ असतात. झाड दोन-अडीच फूट वाढते, दमट हवेत टिकते आणि स्वतःचे बी स्वतःच पेरते. मुंबई, कोकण, गोवा यांसारख्या किनारपट्टीवर, जेथे इतर साल्व्हिया कुजतात, तेथे ही जाती भरवशाची आहे. मात्र तिच्या या गुणातच एक धोका दडलेला असून त्याचा विचार पुढे केला आहे.

चौथी जाती मेक्सिकोचीच, साल्व्हिया ल्यूकँथा. राखाडी पानांचे, तीन-चार फूट पसरणारे हे झुडूप वर्षातील बराच काळ साधेच दिसते. दिवस लहान होऊ लागले, की त्यावर मखमलीसारखे जांभळे तुरे येतात आणि त्यांतून पांढरी फुले डोकावतात. दिवसाची लांबी कमी झाल्यावरच ते कळ्या धरते. त्यामुळे रात्रभर रस्त्यावरील दिव्याचा उजेड पडणाऱ्या सज्जात कळ्या उशिरा येण्याची शक्यता असते. या झुडपाला जमिनीत जागा हवी. लहान कुंडीत ते कुढत राहते.

प्रत्येक शहराचे वेगळे पंचांग

बंगळुरूच्या लालबागेत वर्षातून दोनदा, प्रजासत्ताक दिनाच्या आणि स्वातंत्र्य दिनाच्या सुमारास, पुष्पप्रदर्शन भरते. पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमधील प्रदर्शन मात्र जानेवारीत असते, आणि दिल्लीतील बागा खऱ्या अर्थाने बहरतात त्या फेब्रुवारी-मार्चमध्ये. या तीन तारखांत साल्व्हियाचे भारतातील सारे वेळापत्रक सामावले आहे. बियांच्या पाकिटांवर अनेकदा केवळ हिवाळी फूल असे छापलेले असते. त्यातून बंगळुरूच्या रहिवाशाला फारसा बोध होत नाही आणि चेन्नईतील रहिवाशाची तर दिशाभूलच होते.

दिल्ली, ग्वाल्हेर, जयपूर, लखनौ या उत्तरेकडील मैदानी शहरांत पावसाळा ओसरल्यावर, सप्टेंबर ते ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत बी पेरावे. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत रोपांची वाढ मंदावते. ती मेली असे समजून उपटू नयेत आणि जास्त पाणी घालून त्यांना जागे करण्याचा प्रयत्नही करू नये. दव गोठण्याची भीती असलेल्या रात्री लाल साल्व्हियाच्या कुंड्या भिंतीच्या आडोशाला घ्याव्यात. फेब्रुवारीत ऊन वाढू लागताच हीच रोपे तुरे काढतात आणि एप्रिलपर्यंत फुलत राहतात.

इंदूर, नागपूर, छत्रपती संभाजीनगर, हैदराबाद या पट्ट्यात थंडी सौम्य असल्याने त्याच वेळी पेरलेली रोपे डिसेंबरअखेर फुलू लागतात. विदर्भाचा उन्हाळा मात्र स्प्लेंडेन्सला झेपणारा नाही. तेथे तो एकाच हंगामाचा पाहुणा मानावा आणि मार्चनंतर त्याला वाचवण्यासाठी जिवाचे रान करू नये. निळ्या साल्व्हियाला एप्रिलच्या सुरुवातीला निम्म्यावर छाटून हिरव्या जाळीखाली किंवा मोठ्या झाडाच्या सावलीत ठेवले, तर तो पुढच्या पावसाळ्यापर्यंत टिकू शकतो. पुणे, नाशिक आणि बेळगावात हे अधिक सहज साधते.

चेन्नईत ऑक्टोबर ते डिसेंबर हाच मुख्य पावसाचा काळ आहे. उत्तरेचे वेळापत्रक पाहून तेथे ऑक्टोबरमध्ये रोपे लावणाऱ्याच्या पदरी कुजलेली मुळेच पडतात. तेथे डिसेंबरच्या मध्यानंतर लागवड करावी. बंगळुरू आणि म्हैसूर येथे भर पावसाचे आठवडे वगळता जवळजवळ वर्षभर पेरणी करता येते. सिमला, मसुरी, उटी यांसारख्या थंड ठिकाणी चक्र उलटे फिरते. तेथे बी फेब्रुवारी-मार्चमध्ये आडोशाला पेरतात, फुले उन्हाळ्यात येतात आणि शरद ऋतूत ल्यूकँथाचा बहर असतो. महाबळेश्वरची हवा थंड असली, तरी तेथील पाऊस इतका प्रचंड असतो, की जून ते सप्टेंबर कुंड्या छताखाली ठेवण्यावाचून पर्याय नाही.

माती आणि पाणी

घरच्या बागेतील साल्व्हिया पाण्याच्या अभावाने क्वचितच मरतो. तो मरतो पाण्याच्या अतिरेकाने. त्याची मुळे बारीक आणि तंतुमय असतात. मातीतील हवेची जागा सतत पाण्याने व्यापली, की ती गुदमरतात आणि कुजतात. मुळे कुजल्यावर पानांपर्यंत पाणी पोहोचत नाही, त्यामुळे झाड मलूल दिसते. झाड मलूल दिसल्यामुळे घरचे आणखी पाणी घालतात. पाणी घालूनही झाड सुकते, या तक्रारीमागील कारण बहुतेक वेळा हेच असते. अशा वेळी बोट दोन इंच मातीत खुपसून पाहावे. माती ओली असूनही पाने लोंबत असतील, तर कुंडी सावलीत हलवून पाणी बंद करावे. माती कोरडी असेल, तरच भरपूर पाणी द्यावे आणि मग ती वरून कोरडी पडेपर्यंत थांबावे. कुंडीखालच्या ताटलीत साठलेले पाणी लगेच ओतून टाकावे.

दख्खनची काळी माती या झाडासाठी सर्वांत अवघड. ती पाणी धरून ठेवते आणि सुकल्यावर तडकते, त्यात कोवळी मुळे तुटतात. अशा मातीत वाफा जमिनीपासून पाऊणएक फूट उंच करावा आणि मातीत जाड वाळू किंवा विटांचा बारीक चुरा व कुजलेला पालापाचोळा भरपूर मिसळावा. कोकण आणि गोव्यातील जांभ्या मातीत निचरा चांगला असतो, पण सत्त्व लवकर वाहून जाते, म्हणून तेथे शेणखत थोडे जास्त लागते. कुंडीसाठी दोन भाग माती, एक भाग वाळू आणि एक भाग चाळलेले शेणखत किंवा गांडूळखत हे मिश्रण पुरेसे आहे. बुटक्या लाल वाणाला आठ इंची कुंडी चालते, निळ्याला दहा इंची हवी. मातीची कुंडी प्लास्टिकच्या कुंडीपेक्षा निश्चितच चांगली, कारण तिच्या भिंतींतूनही ओल बाहेर पडते.

रोपवाटिकेतून आणलेल्या रोपाची एक वेगळी अडचण असते. ते बहुधा नारळाच्या भुशात किंवा चिकट लाल मातीच्या गोळ्यात वाढवलेले असते. हा गोळा तसाच कुंडीत बसवला, तर भोवतीची माती कोरडी असतानाही आतील भाग ओला राहतो, किंवा याच्या उलट घडते. लावण्यापूर्वी गोळ्याच्या कडा बोटांनी हलकेच मोकळ्या कराव्यात. रोप निवडताना सर्वांत मोठा तुरा असलेले रोप घेण्याचा मोह आवरावा. एवढ्याशा पिशवीत पूर्ण फुललेल्या रोपाने आपली बरीच शक्ती खर्च केलेली असते. बुटके, फांद्या फुटलेले आणि जेमतेम कळ्या दिसू लागलेले रोप घरी अधिक काळ टिकते. फुललेलेच रोप हाती आले, तर लावताना तुरा खुडून टाकावा. हे करताना जीव हळहळतो खरा, पण तीन-चार आठवड्यांत एका तुऱ्याच्या जागी अनेक तुरे येतात.

खताच्या बाबतीत हात आखडता घ्यावा. नत्र जास्त झाले, की पाने भरदार होतात आणि फुले कमी येतात. लागवडीच्या वेळी शेणखत आणि मूठभर निंबोळी पेंड, तसेच कळ्या दिसू लागल्यावर पातळ केलेले शेणखताचे पाणी, एवढ्यावर घरच्या बागेचे भागते.

बी, कलम आणि शेंडा

साल्व्हियाच्या बहुतेक जातींचे बी सब्ज्याप्रमाणे पाण्यात फुगून बुळबुळीत होते. त्यामुळे ते पेरण्याआधी भिजत घालू नये. चिकटून त्याचा गोळा होतो आणि पेरता येत नाही. उथळ ट्रेमध्ये चाळलेली माती आणि वाळू भरून, ती आधी ओली करून, त्यावर बी विखुरावे. वर मातीचा अगदी पातळ थर द्यावा, कारण लाल साल्व्हियाच्या बियांना रुजण्यासाठी उजेड उपकारक ठरतो. २० ते २५ अंश सेल्सिअस तापमानात दहा ते पंधरा दिवसांत अंकुर दिसतात. ट्रे पाण्याच्या परातीत ठेवून खालून पाणी द्यावे. वरून झारीने रोज पाणी घातल्यास कोवळी रोपे बुंध्यापाशी कुजून आडवी होतात आणि एका रात्रीत अर्धा ट्रे रिकामा होतो.

चार ते सहा आठवड्यांत रोपे हलवण्याजोगी होतात. दोन रोपांत २५ ते ३० सेंटिमीटर अंतर ठेवावे. पानांच्या चार जोड्या आल्या, की शेंडा खुडावा. साल्व्हियाच्या प्रत्येक पानाच्या बेचक्यात एक सुप्त डोळा असतो. शेंडा असेपर्यंत तो या डोळ्यांना फुटू देत नाही. शेंडा गेला की दोन्ही बाजूंनी फांद्या निघतात. बहर चालू असताना वाळलेले तुरे खालच्या निरोगी पानांच्या जोडीपर्यंत कापत राहावे. तुरे झाडावरच राहिले, तर झाड बी भरण्यात गुंतते आणि नवी फुले धरत नाही.

निळा साल्व्हिया आणि ल्यूकँथा यांची कलमेही सहज लागतात. फूल नसलेल्या फांदीचा बोटभर लांबीचा शेंडा पेऱ्याच्या खाली कापावा, खालची पाने काढावीत आणि दोन पेरी ओल्या वाळूत जातील असे खोचावे. सावलीत दोन-तीन आठवड्यांत मुळे फुटतात. उन्हाळ्याआधी, फेब्रुवारीत अशी चार-सहा कलमे करून ठेवणे हा जुने झाड गमावण्याविरुद्धचा स्वस्तातील विमा होय. ल्यूकँथाचा बहर संपल्यावर संपूर्ण झुडूप जमिनीपासून वीतभर ठेवून छाटावे. बुंध्यातून नवे कोंब येतात.

फुलातील तरफ

साल्व्हियाचा तुरा इतके दिवस रंगीत का दिसतो, याचे उत्तर त्याच्या पाकळ्यांत नाही. लाल साल्व्हियाची खरी फुले थोड्याच दिवसांत गळून पडतात. मागे राहतो तो फुलाच्या तळाशी असलेला पेल्यासारखा निदलपुंज, आणि या जातीत तोही पाकळ्यांइतकाच लाल असतो. ल्यूकँथाची जांभळी मखमलही निदलपुंजाचीच आहे.

आतील रचना त्याहून विलक्षण आहे. या फुलात दोनच कार्यक्षम पुंकेसर असतात आणि मधमाश्यांसाठी घडलेल्या अनेक जातींत ते तरफेप्रमाणे काम करतात. मधासाठी आत शिरणारी माशी तरफेचे खालचे टोक ढकलते, वरचे टोक खाली झुकते आणि परागकण नेमके तिच्या पाठीवर लागतात. क्रिस्तियान कोनराट श्प्रेंगल या जर्मन निसर्गअभ्यासकाने १७९३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात हे तंत्र वर्णिले आहे. लाल, नळीदार फुलांच्या जाती अमेरिकेत गुंजनपक्ष्यांसाठी विकसित झाल्या. भारतात गुंजनपक्षी नाहीत, त्यामुळे येथे तो मध शिंजीर पितात. ते अनेकदा समोरून न येता फुलाच्या बुडाशी चोचीने भोक पाडतात. भुंगेही हीच चोरवाट वापरतात. यात झाडाचे परागीभवन होत नाही, पण सज्जात पक्षी येतात, आणि शहरी घरांत साल्व्हिया लावणाऱ्या अनेकांना तेवढेच हवे असते. त्यासाठी कीटकनाशकांपासून दूर राहणे मात्र आवश्यक आहे.

सुदैवाने या झाडावर कीड फार पडत नाही. कोरड्या उन्हात लाल कोळी आणि बंदिस्त सज्जात पांढरी माशी त्रास देते. दोन्ही पानांच्या खालच्या बाजूला असतात. दर दोन दिवसांनी पानांची खालची बाजू सकाळी पाण्याच्या फवाऱ्याने धुणे हा पहिला उपाय. तेवढ्याने भागले नाही, तर लिटरभर पाण्यात पाच मिलिलिटर कडुनिंबाचे तेल आणि साबणाचे काही थेंब मिसळून, माश्या आणि पक्षी येऊन गेल्यावर, संध्याकाळी फवारावे. पानांवर पांढरी भुरी दिसली, तर कुंड्यांतील अंतर वाढवावे. हवा खेळती राहिल्यास ती सहसा पसरत नाही.

आता कॉक्सिनियाविषयी. बागेत आपोआप उगवणारी ही जाती भारतात अनेक डोंगराळ भागांत बागांबाहेरही पसरलेली आहे. शहरातील कुंडीत तिचा उपद्रव नाही. मात्र सह्याद्रीत, निलगिरीत किंवा हिमालयाच्या पायथ्याशी ज्यांचे घर रानाला लागून आहे, त्यांनी तिचे तुरे बी पिकण्याआधीच कापावेत आणि छाटलेला पालापाचोळा कुंपणापलीकडे न टाकता बागेतच कुजवावा.

स्वतःचे बी धरायचे असल्यास निळा साल्व्हिया उत्तम. निदलपुंज वाळून तपकिरी झाले, की त्यांच्या तळाशी जास्तीत जास्त चार बारीक, गडद रंगाच्या बिया सापडतात. त्या पिकताच गळतात, म्हणून तुऱ्याला कागदी पिशवी सैल बांधून ठेवावी. संकरित वाणांच्या पाकिटातून आलेल्या लाल साल्व्हियाचे बी मात्र धरून उपयोग नाही. त्यातून उगवणारी रोपे उंचीला आणि रंगाला एकसारखी निघत नाहीत. गोळा केलेले बी आठवडाभर सावलीत वाळवून, कागदाच्या पुडीत बांधून, पुडीवर जातीचे नाव आणि महिना लिहून कोरड्या डब्यात ठेवावे.